सायाळ मरत नाई

सूरजागड नाका, पोस्ट आलापल्ली
ता. २८ डिसेंबर १९५६

चि. मंगलीस बाबाचे आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. अक्षर चांगलं आलं आहे. "मायले म्हणा, थंडीतल्या जनावरांची गोष्ट लिहून पाठव, इथी मावशीले येत नाई," असं तू लिहिलंस. मायच्या अंगात ताकद नाही, ती निजून आहे. ती सांगते आणि मी लिहितो. काही चुकलं तर ते बाबाचं चुकलं असं समज.

इथे यंदा थंडी फार आहे. सकाळी नाक्याच्या आडव्या बांबूवर हात ठेवला की बोटं बधिर होतात. आपला चौकीदार दसरू पहाटेपासून शेकोटीजवळून हलत नाही. लाकडाच्या गाड्या आल्या की बसल्या जागेवरून बांबू वर करता येईल अशी दोरी त्यानं बांधून घेतली आहे.

आता गोष्ट.

एकदा पहाडावर अशी थंडी पडली की झऱ्याचं पाणी वाजायचं थांबलं. अस्वलमामा आपल्या गुहेत जाऊन बसला. गुहेत सुकी पानं होती. तेवढ्यात ससा आला. म्हणाला, "अस्वलमामा, कोपरा द्या, पाठ माझी गारठली." मामा म्हणाला, "तू काय कामाचा?" ससा म्हणाला, "माझे कान मोठे. मी झोपेतही ऐकतो. कोणी आलं तर सांगीन." मामा म्हणाला, "ये." मग रानकोंबडी आली. ती म्हणाली, "कोपरा द्या, पाठ माझी गारठली. मी उजाडलं की सांगीन." मामा म्हणाला, "ये." मग चितळ आलं. ते म्हणालं, "माझं अंग मोठं, ऊब जास्त." तेही आत आलं. गुहा भरत आली.

इतकंच सांगून माय थकली. मावशीचं ऐकत जा. शाळेत जाताना पायात चपला घाल.

तुझा बाबा
डोमाजी

*(याच पाकिटातली वेगळी चिठ्ठी)*

ती. सौ. इंदिराबाई यांस डोमाजीचा नमस्कार, वि. वि.

वरचं पत्र मंगलीला द्या. ही चिठ्ठी देऊ नका.

भागीरथा जाऊन आज सोळा दिवस झाले. तुमचे घरधनी बापूजीभाऊ दहाव्याला आले होते, ते सुखरूप वडशाला पोचले असतील. त्यांच्या हाती तुम्ही दिलेलं पत्र मी वाचलं. "पोरीसंगं तिलेबी बाळंतपणाले वडशाले पाठवा म्हटलं होतं. तुम्ही पोरगी पाठवली अन् माही बहीण जंगलात ठेवून घेतली." तुम्ही लिहिलं ते बरोबर आहे. जंगलात तोडीचे कूप सुरू होणार होते, झाडांवर शिक्के मारायचे होते, नाक्यावर रांधायला कोणी नव्हतं. म्हणून ठेवून घेतलं. दुसरं कारण नव्हतं.

तुम्ही विचारता की मी पोरीपासून का लपवतो. मला येऊन तोंडानं सांगायचं आहे. रजेचा अर्ज केला आहे. नोव्हेंबरात आपला जिल्हा मुंबई राज्याकडे गेला तेव्हापासून अर्ज कुठे जातात ते रेंजरसाहेबांनाही नीट सांगता येत नाही. छापील कागदावर अजून मध्यप्रदेश आहे, तो खोडून मी मुंबई लिहितो.

माझं म्हणाल तर मला काही होत नाही. भूक लागते. झोप लागते. झाडं मोजतो तर आकडा चुकत नाही. लोक येऊन बसतात आणि माझ्याकडे पाहून उठून जातात.

डोमाजी

ता. ६ जानेवारी १९५७

चि. मंगलीस आशीर्वाद.

तू चार गोष्टी विचारल्यास. त्यांची उत्तरं लिहितो.

मायनं हिरवं लुगडं नेसलं आहे, तेच ज्याला तू चिखलाचा हात लावला होतास. गाय दूध देते. तुझी पाटी खुंटीवर आहे, कोणी हात लावला नाही. बाळाची वार्ता मागून लिहीन.

उरलेली गोष्ट अशी.

सगळे आत बसले. बाहेर वारा सुटला. तेव्हा सायाळ आली. म्हणाली, "अस्वलमामा, कोपरा द्या, पाठ माझी गारठली." ससा म्हणाला, "हिचे काटे टोचतील." रानकोंबडी म्हणाली, "माझी पिसं फाटतील." चितळ म्हणालं, "जागा नाही." अस्वलमामानं विचारलं, "तू काय कामाची?" सायाळीला काही सांगता आलं नाही. ती गुहेच्या बाहेर दगडाला टेकून बसली. रात्रभर तिथेच होती. उजाडलं तसं रानकोंबडीनं सांगितलं, मग सगळे बाहेर आले. सायाळ बसल्या जागी थंड झाली होती. एकेका काट्यावर दवाचा एकेक थेंब होता. सगळ्यांना वाईट वाटलं.

गोष्ट संपली.

शाळेत कवायत होते काय ते लिही. बापूजींच्या दुकानातल्या तांदळाच्या पोत्यांवर चढू नकोस.

तुझा बाबा

ता. १५ जानेवारी १९५७

ती. सौ. इंदिराबाई यांस नमस्कार, वि. वि.

काल संक्रांत झाली. मंगलीला न सांगता तुम्ही संक्रांतीपर्यंत थांबते म्हणाला होतात आणि थांबलात. तुमचे उपकार आहेत. रजा अजून आली नाही.

मंगलीचं कार्ड आलं आहे. ते तुम्ही पाहिलं नसेल. तिनं ते शाळेजवळच्या डब्यात स्वतः टाकलं असं लिहिलं आहे. जसंच्या तसं उतरवतो.

"बाबा, ही गोष्ट मायची नाई. मायच्या गोष्टीत अस्वलमामा नाई, अस्वलबुढी हाये. ससा बोलते तवा माय नाक हालवते, तुम्ही नाक नाई लिहिलं. सायाळ मरत नाई. माय सायाळीले कधीच मारत नाई. माय सांगून नाई राह्यली, तुम्ही मनानं लिहून राह्यले. माय कुठी हाये?"

एवढंच. खाली नाव नाही.

बाई, ती बरोबर म्हणते. मी ती गोष्ट कधी पुरती ऐकली नाही. संध्याकाळी मी दिवा लावून नोंदी लिहीत असे आणि त्या दोघी चुलीजवळ बसत. मधूनमधून "कोपरा द्या" असं कानावर येई. कधी मंगली हसे. शेवट काय होता ते मला ठाऊक नाही. सायाळ मी का मारली तेही सांगता येत नाही. लिहिताना दुसरं काही सुचलं नाही.

ही गोष्ट तुमच्या मायची असणार. तुम्ही दोघी बहिणींनी ती लहानपणी ऐकली असेल. शेवट लिहून कळवा. आपल्याला येत नाही असं तुम्ही मंगलीला सांगितलं असेल, पण मला कळवायला हरकत नाही.

त्या दिवसाबद्दल तुम्ही पुन्हा विचारलं आहे. बापूजीभाऊंना जे सांगितलं तेच लिहितो. सकाळी मी निघालो तेव्हा भागीरथा उठून चुलीपुढे बसली होती. मी कूपात होतो, इथून अडीच कोस. नाक्यावरचा चौकीदार दसरू सांजवेळी सांगायला आला. मी गाडी घेऊन निघालो. घरी पोचलो तेव्हा सारं झालं होतं. गावातली इतवारी सुईण तिच्याजवळ होती. मुलगा होता. तो जिवंत आलाच नाही. दवाखाना इथून गाडीनं दीड दिवसाची वाट आहे.

डोमाजी

ता. २७ जानेवारी १९५७

ती. सौ. इंदिराबाई यांस नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. "आमच्या घरी अस्वलाची गोष्ट कोणी सांगत नव्हतं. आमची माय भात लावाले जाये, तिले गोष्टीले कुठी वेळ होता. भागीनं तिकडचं काई शिकून घेतलं असंन." मला वाटलं होतं, तिच्याजवळचं सारं वडशाहून आलेलं आहे.

मी दसरूला विचारलं, "बाईले अस्वलबुढीची गोष्ट कोणं सांगितली?"

तो म्हणाला, "इतवारीनं. आनखी कोन सांगनार?"

"इतवारीची अन् तिची कुठी गाठ पडली?"

"रोजच. तुमी कूपात गेले की बाई कवाड लावून तिच्या आंगनात जाये. दोघी पत्रावळी टोचत बसत. मंगलीबी राहे. चार वर्सं झाली."

मी म्हणालो, "मले कधी सांगितलं नाई."

दसरू शेकोटीत लाकूड सारत होता. म्हणाला, "तुमी कधी इचारलं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी इतवारीच्या अंगणात गेलो. चार वर्षांत तिथे पहिल्यांदा गेलो. बाळंतपणाच्या दिवशी तीच आमच्या घरी आली होती. म्हातारी गोंडीण आहे, पाठीत वाकलेली. आपली भाषा तिला येते, थांबून थांबून बोलते. मला पाहून तिनं पानं बाजूला केली आणि बसायला जागा दिली. मी म्हणालो, "बाई, मले ते सायाळीची गोष्ट पाहिजे. पोरीले पाठवायची हाये."

ती म्हणाली, "पोरीले येते ते गोष्ट."

"मले नाई येत. मी सायाळ मारून टाकली."

इतवारीनं माझ्याकडे पाहिलं. "सायाळ मरन तर दार कोन होईन?" ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. ससा नाक हलवतो तिथे तिनंही नाक हलवलं. भागीरथा तिच्याकडूनच शिकली होती. सगळे नको नको म्हणतात. सायाळ जायला वळते. तेव्हा अस्वलबुढी म्हणते, "थांब वो बाई. तोंड आत कर, पाठ बाहीर कर." सायाळ गुहेच्या तोंडाशी बसते, तोंड आत, काटे बाहेर. वारा येतो, काट्यांत अडकून राहतो. बिबट्या येतो, नाक टोचून घेऊन जातो. आत सगळ्यांचा श्वास तिच्या तोंडावर येतो, तिला ऊब मिळते. तिची पाठ तेवढी गार राहते. "पाठ गारच राह्यते," इतवारी म्हणाली, "थे काई गरम होत नाई. पन मरत नाई ते."

मी विचारलं, "तुले कोणं सांगितली?"

"माह्या मायनं. मी तुह्या बाईले देल्ली. तिनं मले हे देल्लं." तिनं घराच्या भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर कोळशानं 'इतवारी' लिहिलेलं होतं, दहा-बारा ठिकाणी. वरचं एक भागीरथाच्या हातचं होतं. तिची ईची वेलांटी नेहमी मोठी असे. खालची सगळी म्हातारीनं गिरवलेली, वाकडी. शेवटचं नाव जवळजवळ सरळ आलं होतं.

बाई, तुम्ही नेहमी म्हणत आलात की मी तुमच्या बहिणीला जंगलात नेऊन टाकलं. मीही तसंच समजत होतो. ती इथे दिवस काढते, बदली होण्याची वाट पाहते, असं मला वाटे. ती इथे कोणाला लिहायला शिकवत होती हे मला ठाऊक नव्हतं. यानं माझी चूक कमी होते असं मी म्हणत नाही. ठाऊक नव्हतं, एवढंच सांगतो.

इतवारीनं निघताना मला दोन केळी दिली. घरी येऊन मी ती खाल्ली. वाईट वाटत होतं की नाही, ते सांगता येत नाही.

तुम्ही लिहिलं की मंगली आता काही विचारत नाही, शाळेतून येते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. रजेची वाट पाहणं आता बरं नाही. मी तिला पत्रानं सांगतो. पुढच्या डाकेनं पत्र येईल. ती वाचेल तेव्हा तुम्ही जवळ बसा. मध्ये बोलू नका. तिला ओळीवर बोट ठेवून वाचायची सवय आहे, वेळ लागेल.

डोमाजी

ता. ३ फेब्रुवारी १९५७

चि. मंगलीस आशीर्वाद.

तू विचारलंस, माय कुठी हाये. माय वारली. १२ डिसेंबरला वारली. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हाच ती नव्हती. ती सांगते आणि मी लिहितो, हे खोटं होतं. हिरव्या लुगड्याचंही खोटं होतं. ते लुगडं तिच्यासोबत गेलं.

बाळ मुलगा होता. त्यानं श्वास घेतला नाही. त्याला नाल्याच्या काठी पळसाखाली पुरलं आहे. मायला तिथूनच जवळ जाळलं. इतवारीआजी शेवटपर्यंत तिच्याजवळ होती. मी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती.

तुला आधी सांगायला पाहिजे होतं. मी भ्यालो. मावशी सांगायला तयार होती, मीच सांगू दिलं नाही. तिच्यावर राग धरू नको.

सायाळ मरत नाही. तू म्हणालीस ते बरोबर आहे. मी इतवारीआजीला विचारून आलो. अस्वलबुढी सायाळीला म्हणते, तोंड आत कर, पाठ बाहेर कर. तुला ठाऊकच आहे. मला ठाऊक नव्हतं.

होळीची सुटी लागली की बापूजी तुला इथे घेऊन येतील, जर तुला यायचं असेल तर. यायचं नसेल तर नको येऊ. दोन्ही चालेल.

बाबा

ता. २१ मार्च १९५७

ती. सौ. इंदिराबाई यांस नमस्कार, वि. वि.

मंगली चार दिवस इथे राहिली. हे पत्र तिच्याच हाती देतो. पाकीट चिकटवलं नाही. वाटेत तिनं वाचलं तरी चालेल, यात जे आहे ते तिला सांगून झालं आहे.

बापूजीभाऊंनी तिला आलापल्लीपर्यंत मोटारीनं आणलं, तिथून मी गाडीनं आणलं. उंच झाली आहे. घरी आल्यावर तिनं खुंटीवरची पाटी काढून पाहिली, परत लावली. चुलीपाशी गेली. मग मला न सांगता बाहेर निघाली. मी मागून गेलो. तिनं मोठी वाट घेतली नाही. घरामागच्या कुंपणाला एक फट आहे, ती मला माहीत नव्हती. तिथून बांबूच्या बेटातून पायवाट सरळ इतवारीच्या अंगणात निघते. माझ्या पायाखाली काटे येत होते आणि ती खाली न पाहता चालत होती.

इतवारीनं तिला जवळ घेतलं आणि गोंडीत काही बोलली. मंगलीनं त्याच भाषेत उत्तर दिलं. मग ती रडली. मी कुंपणाबाहेर उभा होतो. थोड्या वेळानं परत आलो, दोन गाड्या नाक्यावर थांबल्या होत्या.

दोन दिवस ती सकाळी तिकडे जाई आणि सांजेला परते. माझ्याशी कामापुरतं बोले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मले नाल्यावर न्या."

मी तिला नेलं. पळस फुलला होता. तिनं फुलं वेचली नाहीत. जागा पाहिली. मग विचारलं, "बाबा, तुम्ही त्या दिशी कुठी होता?"

मी म्हणालो, "कूपात. झाडांवर शिक्के मारत होतो."

"दसरूकाका तुमाले सांगाले कवा आले?"

बाई, इथे मी तुम्हालाही आणि बापूजीभाऊंनाही खोटं सांगितलं आहे. दसरू सांजवेळी आला नव्हता. भर दुपारी आला होता. म्हणाला, "बाईले तरास होऊन राह्यला, गाडी घेऊन चाला, इतवारीनं सांगितलं हाय." गाडी माझ्याजवळ होती. रेंजरसाहेब दुसऱ्या दिवशी तपासणीला येणार होते आणि सत्तर-ऐंशी झाडं उरली होती. मंगलीच्या वेळी भागीरथाला दोन दिवस लागले होते. मी म्हणालो, "संध्याकाळपर्यंत काई होत नाई. तू पुढं हो, मी एवढं आटोपून येतो." दसरू थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. मी सगळी झाडं आटोपली. साहेब दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत.

गाडी दुपारी निघाली असती तरी दवाखान्यापर्यंत पोचली नसती, असं सगळे म्हणतात. पोचली नसती. पण मी तिथे असतो.

दसरूनं हे कोणाला सांगितलं नाही. मंगलीलाही नाही, मी विचारलं. तिनं आपल्या मनानंच विचारलं होतं.

मी तिला सारं सांगितलं. आता तुम्हाला लिहिलं तसंच, यात काही सोडलं नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "माय वाट पाहे काय?"

मी म्हणालो, "इतवारी म्हणते, पाहे. दाराकडं पाहे."

ती उठली आणि घराकडे चालू लागली. मी मागे होतो. त्या सांजेला ती जेवली नाही. मी भात झाकून ठेवला. सकाळी पाहिलं तर ताट घासून ठेवलेलं होतं. कधी उठून जेवली ते कळलं नाही.

सकाळी म्हणाली, "मले वडशाले जायचं हाये."

मी म्हणालो, "बरं."

"तुमी काऊन नाई म्हनत नाई?"

"इथी शाळा नाई. मी दिवसभर घरी राहत नाई. अन् तुले जायचं हाये."

मग म्हणाली, "मले राग येऊन राह्यला तुमचा."

मी म्हणालो, "येऊ दे."



तेव्हा मंगली तुमच्याकडे राहील. तिला सातवीपर्यंत शिकवा, त्यापुढेही शिकायचं म्हणाली तर शिकवा. तुम्हाला मूलबाळ नाही, तुमचा जीव तिच्यात आहे, हे मला दिसतं. फक्त उन्हाळ्यात महिनाभर तिला इकडे पाठवत जा. माझ्यासाठी नको म्हणत असाल तर इतवारीसाठी पाठवा. म्हातारी तिला अजून आठ-दहा गोष्टी देणार आहे, असं दोघींचं ठरलं आहे.

तुम्ही मला माफ करावं असं मी लिहिणार नाही. तुम्हाला खरं कळलं पाहिजे होतं, म्हणून लिहिलं.

आता गाडी जुंपून झाली आहे. मंगली आत बसली आहे, कांबळं पांघरून. मी सामान ठेवायला गेलो तर म्हणाली, "बाबा, आता गोष्ट नका लिहू. इथी काय होते ते लिहत जा. खरं."

मी म्हणालो, "इथी काईच होत नाई."

"मंग तेच लिहा," ती म्हणाली.

डोमाजी

ता. ४ एप्रिल १९५७

चि. मंगलीस आशीर्वाद.

तू सांगितलंस म्हणून इथे काय होते ते लिहितो.

मोहाची फुलं पडायला लागली आहेत. पहाटे सगळं गाव टोपल्या घेऊन रानात असतं, नाक्यावर कोणी नसतं. अस्वलं उतरली आहेत, म्हणून दसरू काठी घेतल्याशिवाय निघत नाही. गाईनं परवा दावं तोडलं, ती बांबूच्या बेटात सापडली. कुंपणाची फट बुजवायला माणूस आला होता, त्याला मी बुजवू नको म्हणालो. इतवारीआजीचा गुडघा सुजला आहे, तिला तेल नेऊन दिलं. तिनं मला बसवून घेतलं. पत्रावळी टोचायला दिल्या. मला येत नाहीत. तीन पानं फाटली.

मंगळवारी दुपारी मी कूपात गेलो नाही. घरी भात लावला होता. भात शिजत होता तेव्हा मी रडलो. भात थोडा करपला. मग उठून जेवलो.

आणखी काही नाही.

बाबा